एकीच्या दमानं चालणारं गाणं

१६ नोव्हेंबर. सुट्टी होती, जवळा निवडायला घेतला होता. केबिन रोडवर बसणाऱ्या कोळणीकडून दोन किलो आणला होता, आणि त्यात नेहमीसारखी वाळू, शिंपल्यांचे तुकडे, बारीक खेकड्यांचे पाय. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसले होते. अकराच्या सुमाराला फोन आला. माझ्या एका पेशंटचा नवरा होता, कुणाच्या तरी मोबाईलवरून.

"बाई, गेली ती."

"किती वाजता?"

"उजाडताना."

मी वर्तमानपत्राच्या कडेला 'अंदाजे सहा' असं लिहून ठेवलं, कारण मृत्यूच्या फॉर्मवर वेळ लागते. राहिलेला जवळा निवडून संपवला, डब्यात भरला, हात धुतले आणि निघाले.

मी टीबीच्या कामावरची आरोग्यसेविका आहे. बावीस वर्षं झाली. राहते गोडदेवला, फिरते सगळीकडे. जी गेली ती माझी पेशंट होती, पस्तिशीची. तिच्या पोटात औषध रोज आणि पूर्ण जातंय की नाही हे बघणं माझं काम होतं. ते मी नीट केलं नाही. नियम मोडणारी मी काही पहिली नाही, पण माझी चूक जरा वेगळ्या तऱ्हेची होती, म्हणून लिहून ठेवतेय.

तिचा पाडा डोंगराच्या पायथ्याशी आहे. हायवे सोडून आत वळलं की टॉवर संपतात, मग तबेले लागतात, मग कच्चा रस्ता. रिक्षावाले तोंडाशीच थांबतात. "मॅडम, अंदर नहीं जायेगा, पंक्चर होता है." पुढे दहा मिनिटं चालायचं. कातकऱ्यांची बावीस घरं. त्यांचे आजेपणजे याच डोंगरात ससे, घोरपडी, मध, कंद यांवर जगले. आता डोंगराला कुंपण आहे. सकाळी बाया-पुरुष नाक्यावर उभे राहतात. काम मिळालं तर बिल्डिंगच्या साइटवर जातात, नाही मिळालं तर खाडीत खेकडे धरायला.

खेकडे कुणीही आणोत, वाटणी सगळ्या घरांत होते. आणि ज्यानं आणले त्याची टिंगल होते. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला राग आला होता. तिचाच नवरा पोतं भरून खेकडे घेऊन आला होता, चिखलानं कमरेपर्यंत माखलेला. पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई पोत्यात डोकावून म्हणाली, "हे काय रे, खेकडे का ढेकूण?"

दुसरी म्हणाली, "चष्मा द्या गो कुणी. मला तं दिसतच नाय."

वाटलं, आता हा चिडणार. तो हसला. "वाट चुकून आले जाळ्यात. मी कुठला धरतोय." पोतं म्हातारीपुढे ठेवून तो हात धुवायला गेला. वाटणी त्यानं केलीच नाही, दुसऱ्यानं केली.

दोन-तीन वर्षं जाऊन-येऊन मला कळलं की हे रोजचंच आहे. जास्त आणणाऱ्यानं मान वर करू नये म्हणून सगळे मिळून ती आधीच खाली करून ठेवतात. मी त्या लोकांना देव करत नाही. दारू आहे, भांडणं आहेत, बायकोला मारणारे दोघे-तिघे आहेत. पण मोठा कोण असं विचारलं तर तिथे उत्तर मिळत नाही. सर्व्हेच्या फॉर्मवर 'पाड्याचा प्रमुख' असा रकाना असायचा. मी दर वेळी वेगळं नाव टाकायचे.

गाण्याचंही तसंच होतं. गुरुवारी दुपारी माझी फेरी असे. काम नसलं तर बाया अंगणात गोल करून बसलेल्या असत, कुणी शेंगा सोलतेय, कुणी पोराच्या उवा काढतेय, आणि गाणं चाललेलं. कोण सुरू करतं ते कधी समजलं नाही. शब्द थोडे, बाकी नुसते हुंकार आणि हाका, एकीचा संपायच्या आत दुसरीचा. जी येईल ती बसायची आणि वाट मिळेल तिथून आत शिरायची. कुणाचा आवाज फार वर गेला की शेजारची कोपर मारायची आणि सगळ्या हसायच्या. ऐकणारं कुणी नसायचं. मी उभी राहिले तर मलाही "बस की, ऊन पितेस काय?" असं म्हणून बसवायच्या. मला गाता येत नाही. पण चौथ्या-पाचव्या खेपेला मीही हुं हुं करायला लागले होते आणि कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

माझे वडील गायन पार्टीत होते. आम्ही मूळचे मराठवाड्यातले, बौद्ध. जयंतीच्या महिन्यात पार्टीला गावोगावची बोलावणी असत. गाणी सगळी समतेची. स्टेजवर गायकाला खुर्ची, पाण्याचा तांब्या, गळ्यात हार, आणि बॅनरवर एकट्याचा फोटो. वडील मागे कोरसमध्ये, सतरंजीवर, वीस वर्षं. एकदा त्यांना स्टेजवर खोकल्याची उबळ आली. गायकानं मान न वळवता हातानं खूण केली आणि ढोलकीवाल्यानं वडलांना दंडाला धरून खाली उतरवलं. गाणं थांबलं नाही, कमी-जास्तही झालं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन, पुढच्या रांगेत बसले होते. वडील स्टेजच्या पायऱ्यांशी उभे राहून खोकत होते, आणि वर 'माणूस सगळा सारखा' असं गाणं चाललं होतं. त्या गाण्यांनी आम्हाला शाळेत घातलं, ते मी नाकारत नाही. पण पाड्यावरच्या गोलात बसताना मला तो खाली उतरवलेला माणूस आठवायचा.

मार्च महिन्यात आमच्या केंद्रानं टीबीच्या जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला. डॉक्टर तरुण होते, उत्साही. म्हणाले, "मी वाचलंय, शिकारीवर जगणाऱ्या लोकांत असंच असतं. सगळे एकत्र गातात, म्होरक्या नसतो. बोलवा ना त्यांना." मी बोलावलं. नऊ बाया आल्या, टेम्पोत बसून, नव्या साड्या नेसून. निवेदिकेनं विचारलं, "मुख्य गायिका कोण? सर्टिफिकेटवर नाव घालायचंय."

बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि फिदीफिदी हसायला लागल्या.

"माइक तर एकच आहे," निवेदिका वैतागली. "कुणापुढे तरी धरायलाच हवा." आणि तिनं तो जवळ जी बसली होती तिच्यापुढे धरला. ती म्हणजे माझी ही पेशंट. तोवर ती माझी पेशंट नव्हती.

गाणं सुरू झालं. स्पीकरमधून पहिल्यांदाच एकीचा आवाज वेगळा निघाला, आणि तो आवाज नव्हताच. दर ओळीच्या शेवटी श्वास आत ओढल्याची शिट्टी, घरघर, आणि दाबून धरलेला खोकला. हॉलमध्ये लोकांना वाटलं माइक खराब आहे. मी मागच्या खुर्चीवर होते. तेवढं ऐकून मी पिशवीतून बेडका तपासायची डबी काढून ठेवली.

तेव्हा मला दुसरंही कळलं. गेले तीन-चार महिने ते गाणं संथ झालं होतं. मला वाटायचं थंडी आहे, कामानं थकल्यात. तसं नव्हतं. तिला दम पुरेना म्हणून सगळ्याजणी तिच्या दमानं गात होत्या. ती थांबेल तिथे थांबायच्या, ती मध्येच सोडेल तिथे शेजारच्या दोघी भरून काढायच्या. कुणी ठरवलं नव्हतं. गोलात मागे कुणी राहू नये म्हणून सगळा गोलच हळू चालला होता. आणि म्हणूनच मी, दर गुरुवारी तिथे बसणारी, खोकल्याचे आवाज ऐकण्याचाच पगार घेणारी असूनही मला तिचा खोकला ऐकू आला नाही.

तपासणी पॉझिटिव्ह आली. वजन छत्तीस किलो. रोज तीन गोळ्या, उपाशीपोटी, सहा महिने. औषध साधं होतं, नेमानं घेतलं तर बरं होणारं. मी तिला तसं सांगितलं. "बरी होशील. फक्त एक दिवससुद्धा चुकवायचा नाही."

"नाय चुकवणार," ती म्हणाली.

गोळ्यांचा पहिला डबा मी सगळ्यांच्या समोर दिला. सोबत पोषणाचं किट, तूरडाळ, शेंगदाणे, तेल. म्हातारी लगेच म्हणाली, "बघा गो, आमची राणी झाली ही. डब्यातनं खाणार आता."

"आमाला पण वळखशील ना?" दुसरी.

सगळ्या हसल्या. तीही हसली, मान खाली घालून. मीही हसले. खेकड्यांच्या पोत्याची टिंगल मी बघितलेली होती, तिचा अर्थ लावून मी स्वतःवर खूश होते, आणि हीच टिंगल समोर चालली असताना मला ती ओळखू आली नाही.

गोळी रोज डोळ्यांदेखत गिळायला लावायची असा नियम आहे. माझ्याकडे तेव्हा दोन वस्त्यांचं काम होतं. मी आठवड्याच्या एकवीस गोळ्या गुरुवारी एकदम देत होते आणि पुढच्या गुरुवारी रिकाम्या पट्ट्या बघून कार्डावर खुणा करत होते. पट्ट्या कायम रिकाम्या असायच्या. एकही गोळी शिल्लक नाही. माझ्या पेशंटांत तिच्यासारखी नियमित कुणी नाही असं मी डॉक्टरांना सांगितलंसुद्धा. वजन वाढत नव्हतं. मी म्हटलं, किट वाटून खात असतील. किटमधलं तर बावीस घरांत जातच होतं, त्याबद्दल मी रागावलेही होते. गोळ्यांचा विचार डोक्यात आला नाही. औषध कुणी वाटून खात नाही असं मी धरून चालले होते.

जुलैमध्ये एका गुरुवारी म्हातारीनं मला बाजूला घेतलं. "बाई, एक विचारू? लघवी लाल होते."

"कधीपासून?"

"होते कदी कदी. आज लाल, उद्या बरी. आमची सगळ्यांचीच होते."

त्या औषधानं लघवी केशरी होते. पेशंटला आम्ही आधीच सांगून ठेवतो, घाबरू नको म्हणून. मी म्हातारीकडे बघत राहिले. "सगळ्यांची म्हणजे?"

"माजी, तिची, त्या घरातल्या दोघांची. ज्याची पाळी त्याची."

"कसली पाळी?"

"गोळीची."

मी तिच्या झोपडीत गेले. ती चुलीपाशी बसली होती. मी ओरडलेच. "तू गोळ्या वाटतेस?"

तिनं चुलीत काटकी सरकवली.

"कुणाकुणाला?"

"ज्याला खोकला त्याला," ती म्हणाली. "हितं खोकला कुणाला नाय? साइटवर शिमिट उडतं."

"आणि तू? तू किती खाल्ल्यास?"

"माझी पाळी आली की."

"अगं, ते औषध तुझं होतं! तुझ्या एकटीचं!"

यावर तिनं वर बघितलं. रागानं नाही, जरा आश्चर्यानं. "एकटीनं कसं खायचं, बाई? सगळी बघतात."

दारात म्हातारी उभी होती. तिला मी म्हटलं, "तुम्ही तरी नको म्हणायचंत."

"आमी मागितलं नाय," म्हातारी म्हणाली. "तिनं दिलं. दिल्यावर नाय कसं म्हनायचं?"

आठवड्याला एकवीस गोळ्या. त्यातल्या चार-पाच तिच्या पोटात गेल्या असतील. हा रोग अर्धवट औषधानं मरत नाही, शिकून घट्ट होतो. हे मी दर कार्यक्रमात माइकवर सांगते.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी सात वाजता, ड्युटीच्या आधी, पाड्यावर जायला लागले. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर गोळी घेतलीच नाही. हातात धरून बसली. दुसऱ्या दिवशी मी केंद्रातून रक्तवाढीच्या लाल गोळ्या नेल्या. बायांना त्या तशाही द्यायच्याच असतात, पाड्यावर घेत कुणी नव्हतं. सगळ्यांना गोल बसवलं, प्रत्येकीच्या तळहातावर एक ठेवली, तिच्या हातावर तिच्या तीन. म्हटलं, "एकदम गिळायच्या. कुणी आधी नाही, कुणी मागे नाही." पाण्याचा तांब्या फिरला. सगळ्यांनी गिळल्या. तिनंही. इतकं सोपं होतं ते, आणि मला तीन महिने उशिरा सुचलं.

तीन आठवडे ते नीट चाललं. मग तिच्या पुन्हा पाठवलेल्या बेडक्याचा लॅबमधून रिपोर्ट आला. नेहमीच्या औषधाला रोग दाद देत नव्हता.

दुसरी औषधं सुरू करायला तिला मोठ्या रुग्णालयात ठेवावं लागलं. वॉर्डात खाटांमध्ये अंतर, तोंडाला मास्क. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "बाई, हितं एकेकाला जेवाय देतात. ज्याचं त्याचं ताट. कोन कोनाचं बघत नाय." अकराव्या दिवशी ती उठून घरी आली. औषध घरून चालू ठेवलं. उलट्या व्हायच्या, कानात आवाज यायचा.

आणि मग मला ते सांगावं लागलं. ऑगस्ट होता, बाहेर बसता येत नव्हतं, बाया पत्र्याच्या एका शेडमध्ये दाटीवाटीनं बसून गात होत्या, आणि ती मधोमध. गाताना माणूस छातीतून हवा फेकतो. टीबी बोलण्यानं पसरतो त्याहून जास्त गाण्यानं पसरतो. मी शेडच्या तोंडाशी उभी राहून सांगितलं, "हिला घेऊन गायचं नाही. ही मास्क लावून बाहेरच्या बाजूला बसेल. तुम्ही गा."

ती उठली, पदर सावरला आणि आपल्या झोपडीत गेली. "म्हना तुमी," जाताना म्हणाली.

त्यांनी म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी विचारलं तर म्हातारी म्हणाली, "तिला भायेर ठेवून कसं म्हनायचं? आमाला येत नाय तसं." मी म्हटलं, तिच्यासाठीच सांगतेय, तुमच्या पोरांसाठी सांगतेय. "हां, बरोबर हाय तुमचं," म्हातारी म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

तिला हे जास्त लागलं. औषधापेक्षा, उलट्यांपेक्षा. सप्टेंबरमध्ये एकदा मी तिचं वजन घेत होते, बत्तीस भरलं, तर काट्यावरून उतरत म्हणाली, "माझ्यापायी सगळ्यांचं गानं बंद झालं. मी गेले की म्हनतील ना परत?"

"असं बोलू नको. बरी हो, मग सगळ्या मिळून म्हणा."

"नाय, पन म्हनतील ना?"

मी कार्डावर बत्तीस लिहिलं. ऑक्टोबरात तिनं गोळ्या तोंडात धरून मागे थुंकायला सुरुवात केली होती, ते मला चुलीमागे सापडलं. मी भांडले, समजावलं, नवऱ्याला दम दिला. ती ऐकून घ्यायची. आपण असेपर्यंत बाकीच्यांचं काहीतरी अडकून पडलंय, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि ते मीच बसवलं होतं. माझी सूचना बरोबर होती. आजही कुणी विचारलं तर मी तीच देईन.

१६ तारखेला मी पोचले तेव्हा दोन वाजले होते. तिला पुरून लोक परत आले होते. बाया अंगणात बसल्या होत्या, गोल नव्हता, जिथे जागा मिळाली तिथे. नवरा भिंतीला टेकून होता. मी त्याच्याजवळ बसले. त्याला विचारून फॉर्मची माहिती भरली. त्यानं अंगठा दिला. म्हातारी दोनदा खोकली. पलीकडे एक पोरगी खोकली. त्यानंतर तिचा नवरा. मी इतके महिने एकाच छातीकडे कान लावून बसले होते. तिनं वाटलेल्या गोळ्या या सगळ्यांनी अर्ध्यामुर्ध्या खाल्लेल्या होत्या, आणि त्या शेडमध्ये सगळे तिच्याबरोबर बसले होते. जुलैमध्ये मी घरच्या चौघांची तपासणी केली होती, पाड्याची नाही. बाकीच्यांनी "उद्या देतो" म्हटलं होतं आणि मी मागे लागले नव्हते.

मी उठले. म्हातारीला म्हटलं, "उद्या सकाळी कुणी नाक्यावर जायचं नाही. मी येतेय."

"गोळी देनार?"

"नाही. तपासणार. सगळ्यांना."

"तिला बरी करून नाय आनलंस परत, ते बोल," म्हातारी म्हणाली. आवाज चढवून नाही, बाकीच्यांना ऐकू जाईल एवढाच. मी पिशवी उचलून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी केंद्र उघडून घेतलं. बेडक्याच्या एक्क्याऐंशी डब्या मोजून पिशवीत भरल्या, लेबलं, मार्कर, शीतपेटी घेतली. पाड्यावर सगळे होते. डबी घ्यायला आधी कुणी पुढे येईना, जो येईल त्याच्याकडे बाकीचे बघत राहणार होते. मी प्रत्येकाच्या हातात जाऊन डबी दिली, म्हातारीपासून कडेवरच्या पोरांच्या आयांपर्यंत. मोकळ्या शेतात नेलं, हातभर अंतरावर उभं केलं, वाऱ्याकडे पाठ करायला लावली. सांगितलं, "तीनदा खोल श्वास, मग छातीतून खोका. सगळे एकदम."

सगळे एकदम खोकले. मी नावं टाकून डब्या पेटीत लावल्या आणि साडेदहाच्या आत लॅबला नेऊन दिल्या.